अस्सल माती, खोटी जमीन

रणगाड्याचे किट विकत मिळते. तो ज्या जमिनीवर उभा राहायचा, ती ज्याची त्याने करावी लागते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या छांदिष्टांना हे सांगितले की ते हसतात, कारण त्यांच्या लेखी जमीन फुकट आहे. दाराबाहेर पडले की पुळण, मागच्या परड्यात लाल माती, परड्याला जांभ्याचा गडगा, गडग्यावर शेवाळ आणि माडाखाली पडलेली चुडते. परगावचा माणूस डब्यांतून मागवतो ती तयार माती, तयार गवत आणि तयार दगड इथे कशाला हवेत? पाटावर फेविकॉल ओता, मूठभर पुळण पसरा, कडेला जांभ्याचे दोन खडे ठेवा, झाला देखावा. हा मोह मला पुरेपूर ठाऊक आहे आणि त्याची किंमतही ठाऊक आहे. म्हणून या छंदात नव्याने पडणाऱ्याला, विशेषतः किनाऱ्यालगत राहणाऱ्याला, मी एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: आपल्या भोवतालची माती जितकी अस्सल, तितकी ती पाटावर खोटी दिसते आणि तितकीच लवकर देखावा बिघडवते. गावातून देखाव्यासाठी पुष्कळ काही घेण्याजोगे आहे, पण ते पिशवीत भरून आणायचे नाही.

आधी मापाचे बघू, कारण सगळे तिथेच अडते. लष्करी गाड्यांच्या मॉडेलांत १:३५ हे माप सर्वांत रूढ आहे. ते कुठल्या शास्त्रातून निघालेले नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचे मोटारीवर चालणारे मॉडेल काढले. त्याच्या पोटात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून आकार ठरला, आणि तो मोजला तेव्हा मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास भरला. इतके ते योगायोगाचे. पण एकदा स्वीकारले की ते फक्त गाडीपुरते ठेवता येत नाही. गाडीखालच्या कणालाही ते लागू होते. मध्यम प्रतीच्या वाळूचा कण पाव ते अर्धा मिलिमीटर असतो. त्याला पस्तिसाने गुणा: नऊ ते सतरा मिलिमीटर. म्हणजे चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या पुळणीवरून आणलेली मऊसूत वाळू पाटावर पसरली की मॉडेलच्या जगात ती बांधकामाची खडी होते. तिच्यावर उभा असलेला सैनिक पुळणीवर उभा दिसत नाही, रस्त्याच्या कामावर देखरेख करायला आल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला हा हिशेब येत नसतो, पण त्याच्या डोळ्याला तो कळतो. ‘काहीतरी खेळण्यासारखे वाटते’ एवढेच तो म्हणतो आणि आपण बिचाऱ्या रणगाड्याच्या रंगात दोष शोधत बसतो.

जांभ्याचे तसेच. जांभा हा छिद्रांचा दगड. त्याची ओळखच ती. चिऱ्याचा कपचा आणून पाटावर खडक म्हणून चिकटवला, तर त्यातले एक सेंटिमीटरचे छिद्र देखाव्यात पस्तीस सेंटिमीटरचे भोक होते, ज्यात सैनिकाचे डोके आरामात जाईल. उलट खरा गडगा मापात आणायचा, तर साधारण फूटभर लांबीचा चिरा साडेआठ-नऊ मिलिमीटरचा व्हायला हवा आणि मीटरभर उंचीचा गडगा तीन सेंटिमीटरच्या आत बसायला हवा. त्या चिऱ्यावरची छिद्रे सुईच्या टोकाने टोचलेली असली तरी जास्तच. हे काम खऱ्या जांभ्यात होतच नाही. तो त्या आकारात भुगा होतो. होते ते दाट फोममध्ये, बुचाच्या पत्र्यात किंवा पीओपीच्या लहान लहान ठोकळ्यांत. म्हणजे जांभा दाखवायचा तर जांभा सोडावा लागतो.

आणि माड. किनाऱ्यावरचा देखावा म्हटला की माड हवाच, आणि नेमका तोच सगळ्यांचा घात करतो. पूर्ण वाढलेला माड पंधरा ते वीस मीटर जातो. अठरा मीटरचा धरला तरी १:३५ ला तो एक्कावन्न सेंटिमीटर होतो, हातभर लांब. शेजारी रणगाडा उभा करा. भारताने १९५०च्या दशकात फ्रान्सकडून घेतलेला ए.एम.एक्स.-१३ हा हलका रणगाडा घेऊ, कारण पुढे तो लागणार आहे. तोफ सोडून त्याचे धड चार मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर लांब. मॉडेलमध्ये चौदा सेंटिमीटर. आता गंमत अशी की माडाचे एक झापच पाच-साडेपाच मीटरचे असते. म्हणजे माडावरून गळून पडलेले एकच चुडत त्या रणगाड्याला टोकापासून टोकापर्यंत झाकून टाकेल. तुम्ही पाहिलेल्या किती देखाव्यांत हे प्रमाण होते? बहुतेकांत माड वीतभर असतो, म्हणजे सात-आठ मीटरचा, आणि त्याची झापे बोटभर. ते माडाच्या रूपातले पपईचे झाड असते. उपाय सोपा आहे, पण मन घट्ट करावे लागते: माडाचा शेंडा दाखवूच नका. देखाव्याच्या कडेला नुसते खोड उभे करा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवर ते सरळ कापा आणि खाली मापातले एक चुडत पडू द्या. वरचा माड बघणारा स्वतः पुरा करतो. सिंधुदुर्ग किल्ला पार्श्वभूमीला हवा, असा हट्ट धरणाऱ्यांनाही हाच हिशेब दाखवावा. त्याचा तट साधारण तीन किलोमीटर लांब. १:३५ ला तो पंच्याऐंशी मीटर होतो. ती क्रिकेटच्या मैदानाची सीमारेषा झाली, पाट नव्हे. पाटाचा हिशेबही एकदा करून ठेवावा: तीस बाय वीस सेंटिमीटरचा पाट म्हणजे प्रत्यक्षात साडेदहा मीटर बाय सात मीटर. कोकणातल्या बऱ्यापैकी घराचे खळे. खळ्यात जेवढे मावते तेवढेच तुमच्या देखाव्यात मावणार.

आपल्याकडे हा मापाचा घोटाळा इतक्या सहज का चालतो, याचे कारण मला दिवाळीच्या किल्ल्यात दिसते. महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी आयुष्यातला पहिला देखावा तिथेच केलेला असतो: विटा, पोती, चिखल, वर पेरलेले अळीव नाहीतर मोहरी. त्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा असतो, दरवाजातला पहारेकरी दरवाजातून आत जाऊ शकत नाही, आणि गडावर बसलेले महाराज सर्वांत मोठे असतात. तिथे आकार मानावरून ठरतो, मोजपट्टीवरून नाही, आणि ते योग्यच आहे. अळिवाच्या रानातून मावळा दिसायला तर हवा. मी त्या किल्ल्याला नावे ठेवत नाही. पण त्या हाताची सवय घेऊन आपण १:३५ च्या मॉडेलकडे येतो आणि मग गाडीचा नटबोल्टही मापात असलेल्या किटखाली दिवाळीची जमीन घालतो. दोन्हींपैकी एकच ठेवावे लागते.

मापाचा दोष निदान पहिल्या दिवसापासून दिसतो. मिठाचा दोष सहा महिन्यांनी दिसतो, म्हणून तो जास्त घातक. पुळणीची वाळू कितीही कोरडी वाटली तरी तिच्यावर मिठाचा थर असतो. स्वयंपाकघरातले मीठ पावसाळ्यात का पाझरते ते इथल्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे: हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर याच्या निम्म्याहून कमी दमटपणातही पाणी ओढते. मालवण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली फारशी येतच नाही. म्हणजे तुमच्या पाटावरची ती ‘कोरडी’ जमीन चार महिने ओली होत राहणार आणि दिवाळीनंतर वाळत राहणार. ओली झाली की साधा फेविकॉल मऊ पडतो. वाळली की मिठाचे पांढरे फूल रंगाच्या वर येते. पीओपीवर तर ते भिंतीला लोणा लागावा तसे दिसते. किटमध्ये पितळेच्या पातळ पत्र्याचे कोरीव भाग असतात, ते कडेने हिरवे पडतात; तारेची कुंपणे गंजून रंगाबाहेर तांबडा डाग सोडतात. गंज दाखवणे हा या छंदातला आवडता खेळ आहे, पण तो आपण दाखवायचा असतो, त्याने स्वतःहून यायचे नसते. ज्यांना पुळणीचीच वाळू वापरायची आहे (आणि खडीच्या जागी, ओढ्याच्या पात्रात ती खरेच उत्तम आहे), त्यांनी ती गोड्या पाण्यात चार-पाच वेळा धुवावी, प्रत्येक वेळी पाणी पूर्ण बदलावे आणि उन्हात नव्हे, तव्यावर कोरडी करावी. तिच्यावर शिरक्याचे दोन थेंब टाकून बघावे. बुडबुडे आले तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे, आणि ते पांढरे तुकडे मॉडेलच्या मापात फुटलेल्या बशांसारखे दिसतात. पोवळ्याचे तुकडे ‘छान खडक दिसतो’ म्हणून उचलू नयेत. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे आणि पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. छंदासाठी तो गुन्हा करण्यात काही शोभा नाही.

तिसरा दोष, माती जिवंत असते. परड्यातल्या मातीत बुरशीचे बीज, गवताचे बी, मुंगीची अंडी, कधी वाळवीही. गडग्यावरचे शेवाळ दोन आठवडे पाचूसारखे दिसते, मग तपकिरी होऊन त्याची भुकटी पडते. कागदाच्या लगद्याची टेकडी करणारे त्यात खळ घालतात आणि पहिल्याच पावसात तिला केस फुटतात. जुने पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत, ते उगाच नाही. पण मोरचुदालाही एक अडचण आहे: देखाव्यात लोखंडी तार असेल तर मोरचूद तिला खाते. तेव्हा खळ टाळून लगदा फेविकॉलात कालवणे बरे, आणि टेकडीच्या पोटात लगदा कमी, फोम जास्त. थर्माकोलबद्दल वेगळे सांगायला नको. २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतर मखरांतून तो हटला, आणि या कामातही तो फारसा चांगला नव्हताच: स्प्रेचा रंग किंवा पातळ चिकटपदार्थ लागला की तो विरघळून खड्डा पडतो. दाट निळा-गुलाबी इन्सुलेशनचा फोम मिळाला तर तो घ्यावा, त्यावरही आधी पाण्याच्या रंगाचा एक हात द्यावा. पाट एमडीएफचा नको. इथल्या हवेत त्याच्या कडा पावासारख्या फुगतात. समुद्री प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, लहान तुकड्यात सुताराकडे उरलेला मिळतो. त्याला वरून जेवढे हात द्याल तेवढेच खालूनही द्या. एकाच बाजूला रंग लागला की पाट दुसऱ्या बाजूने दमट हवा पितो आणि वाटीसारखा वळतो. मग त्यावरचा रणगाडा एका चाकाने हवेत राहतो आणि दोष किटला जातो.

हे सगळे ऐकून कोणी विचारील: मग आपल्या मातीचे काय? सगळे फोम आणि डबीतले रंगच वापरायचे, तर देखावा मालवणचा कशाने? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी एक खरा प्रसंग घेतो, जो याच सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जमिनीवरून सुरू झाला आणि तरी देखाव्यात क्वचित दिसतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीची ऑपरेशन विजय ही मोहीम सुरू झाली. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगत सिंग यांची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गाच्या बाजूने उतरली. तिच्या पश्चिमेकडच्या तुकडीत दुसरी शीख लाइट इन्फन्ट्री आणि रणगाडे होते. ती तुकडी सकाळी साडेसहाला सरहद्द ओलांडून थिवीच्या दिशेने निघाली आणि संध्याकाळी मांडवीच्या अलीकडे बेतीला पोहोचली. पोर्तुगीजांनी पहाटे पाच वाजताच डिचोली, शापोरा आणि अस्नोड्याचे पूल उडवले होते. दुसऱ्या दिवशी रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली. आपल्या कपाटांतले रणगाडे मात्र अजून रशियाच्या बर्फात आणि नॉर्मंडीच्या पडक्या भिंतींशेजारी उभे असतात, कारण तयार भिंती आणि तयार बर्फ विकत मिळतात. टाकोम आणि तामिया या दोन्ही कंपन्यांनी ए.एम.एक्स.-१३ चे १:३५ चे किट काढले आहे. दोडामार्गची जमीन मात्र कुणीच काढलेली नाही. ती आपणच करायची.

ती जमीन कशी होती, हे कळण्यासाठी माती लागत नाही, माहिती लागते. डिसेंबरच्या मध्यावर भाताची कापणी उरकलेली असते. कुणग्यात पंधरा सेंटिमीटरचे खुंट उरतात. मॉडेलमध्ये चार मिलिमीटर, ओळीत, फिकट पिवळे. सड्यावरचे गवत पावसाळ्यातले हिरवे राहिलेले नसते, सोनेरी होऊन वाकलेले असते. काजूचे पान साधारण चौदा सेंटिमीटर, म्हणजे चार मिलिमीटर, आणि त्याखाली पातेऱ्याचा थर. जमीन घट्ट असते. ए.एम.एक्स.-१३ चे वजन पंधरा टनांच्या आसपास, पण पट्ट्यांखाली ते पसरते तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाऊण किलोच पडते. डिसेंबरच्या जांभ्यावर तेवढ्याने चाकोरी पडत नाही. वरचा कवचासारखा थर खरवडला जातो आणि तांबूस धूळ उडते. परदेशी पुस्तकांत शिकवतात तसा तपकिरी चिखल पट्ट्यांत भरला, तर तो रणगाडा दोडामार्गचा राहत नाही, रशियाचा होतो. धूळ बसते ती चाकांच्या वरच्या बाजूला, पत्र्याच्या कडांना आणि मागच्या भागाला, जिथे पट्टा ती भिरकावतो. एवढे पाहिले तर गाडीची अर्धी रंगसंगती जमिनीनेच ठरवून दिली. म्हणूनच मी म्हणतो की जमीन आधी ठरवावी. गाडी रंगवून झाल्यावर तिच्याखाली सरकवलेली जमीन नेहमी उसनी दिसते.

आणि माहितीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे तिथे काय नव्हते. आज दोडामार्गाला गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रबराच्या बागा दिसतात. त्या नंतरच्या दशकांत आल्या. तिळारीचे कालवे नंतरचे. कोकणभर सड्यांवर दिसणारा ऑस्ट्रेलियन अकेशिया १९८०च्या दशकातल्या सामाजिक वनीकरणाचा. गावाच्या पाटीवर ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ लिहायचा मोह आवरा: हा जिल्हा १ मे १९८१ ला झाला, तोवर हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि महाराष्ट्र राज्याचेच त्या डिसेंबरात दीड वर्ष झाले होते. सिमेंटचे विजेचे खांब, प्लास्टिकच्या बाटल्या, पत्र्याचे निवारे हे सगळे काढून टाका. काय उरते? लाल वाट, गडगा, काजू, कापलेला कुणगा, मंगळुरी कौलांचे किंवा पेंढ्याचे एखादे घर. ही यादी विरळ वाटते, पण १९६१ ची जमीन तशीच विरळ होती, आणि खळ्याएवढ्या पाटावर एवढेच मावते. अहिल्यानगरला १९९४ मध्ये सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तिथे उघड्यावर रणगाडे जवळून बघता येतात, आणि पत्र्याचे जोड, वेल्डिंग, पट्ट्यांची ठेवण समजायला ते जाणे सार्थ आहे. फक्त तिथल्या चौथऱ्यांवर उभ्या, ताज्या रंगवलेल्या गाड्यांवरून जमिनीशी असलेले नाते शिकू नये. चौथऱ्यावर गाडीला जमीनच नसते.

आता कामाचे. पाटावर फोमचे थर लावून उतार काढा; सपाट जमीन कोकणात मुळात कमीच, आणि पाटावर ती अगदी निर्जीव दिसते. उतारावर पीओपी, फेविकॉल, बारीक चाळलेला लाकडाचा भुसा आणि तांबूस रंग यांचा घट्ट लेप द्या, दोन पातळ थरांत. शाडूची माती वापरणार असाल तर तिचा एकच जाड थर कधीच देऊ नका. ती वाळताना आकसते आणि तडे मापात पडत नाहीत. पीओपीची पिशवी पावसाळ्यात उघडी राहिली असेल तर ती टाकून द्या. हवेतले पाणी पिऊन ती आधीच अर्धी घट्ट झालेली असते आणि पाटावर ती कधी नीट धरत नाही. लेप ओलसर असतानाच रणगाडा पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून त्याच्या जागी हलकेच दाबा. हे एक पाऊल लोक सर्वांत जास्त वगळतात आणि त्यामुळे गाडी जमिनीवर ठेवल्यासारखी दिसते, उभी असल्यासारखी दिसत नाही. पट्टा आणि जमीन यांच्यामध्ये कागद सरकेल एवढीही फट राहता कामा नये. खरा पंधरा टनांचा रणगाडा तशी फट ठेवत नाही. गवतासाठी काथ्या चालतो, तो जास्त विंचरून, उकळून, कोरडा करून. सुंभ उलगडले की कुणग्यातले खुंट त्यातून निघतात. इथे मी माझ्या म्हणण्याला अपवाद करतो, कारण काथ्याचा धागा मापात बसतो आणि उकळल्यावर तो जगत नाही, सडतही नाही. पातेरा वाळक्या पानांचा चुरा करून करतात. तो बारीक कुटून, वस्त्रगाळ करून नव्हे तर चहाच्या गाळणीने चाळून घ्यावा आणि पातळ फेविकॉलने धरावा. एक भाग फेविकॉल, दोन-तीन भाग पाणी, आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, नाहीतर पाणी धुळीवर गोळ्या होऊन तरंगते आणि तुमची जमीन वाहून जाते.

आणि आता खऱ्या मातीचे. ती वापरायचीच असेल तर तिच्याकडून एकच काम घ्यावे: रंग. परड्यातली माती तव्यावर भाजा, खलबत्त्यात कुटा, वस्त्रगाळ करा. जी गळून खाली येईल ती पिठासारखी भुकटी. ती रंगात मिसळून किंवा कोरड्या कुंचल्याने शेवटच्या हाताला वापरा. या बारीकपणाला माप लागत नाही, कारण ती आता कण राहिली नाही, रंगद्रव्य झाली. तरीही सरळ वापराल तर ती गडद दिसेल. एक फुटावरून मॉडेल बघणे म्हणजे १:३५ च्या जगात दहा-साडेदहा मीटरवरून बघणे. तेवढ्या अंतरावरून लाल सडाही थोडा निवळलेला, किंचित धुरकट दिसतो. भुकटीत चिमूटभर पांढरी रांगोळी किंवा पावडर मिसळली की ती योग्य जागी येते. या शेवटच्या मुद्द्यावर छांदिष्टांत मतभेद आहेत, पण कोकणातल्या दुपारच्या उन्हात डोळे किलकिले करून सड्याकडे पाहणाऱ्याला तो मान्य व्हावा.

आणखी दोन आक्षेप ऐकू येतात. एक: बघणाऱ्याला हे काही कळत नाही, मग एवढा खटाटोप का? मला वाटते बघणाऱ्याला कारण कळत नाही, परिणाम कळतो. खडीएवढा कण आणि वीतभर माड यांत चूक काय ते तो सांगू शकणार नाही, पण तो देखाव्यासमोर थांबणार नाही. शेप पेन हे अमेरिकन मॉडेलकार १९७०च्या दशकात मोनोग्रामच्या किटसोबत येणाऱ्या पत्रकांतून हेच शिकवीत होते: जमीन ही गाडीची सजावट नाही, गोष्टीचा भाग आहे. दुसरा आक्षेप भावनेचा आणि म्हणून जास्त वजनाचा: ज्या वाटेवरून तो रणगाडा गेला तिथली मूठभर माती पाटावर असणे, हेच तर मोल आहे. मोल आहे, मान्य. ती माती एका छोट्या काचेच्या कुपीत भरून पाटाच्या मागच्या बाजूला बसवा, खाली तारीख लिहा. तिला तिथे शोभाही आहे आणि खरेपणाही. जमिनीचे सोंग मात्र तिला देऊ नका. अशा देखाव्यासाठीचा ‘डायोरामा’ हा शब्द ज्याने रूढ केला त्या दागेरने १८२२ मध्ये पॅरिसला पहिला डायोरामा दाखवला, तेव्हा त्याचा खेळ रंगवलेल्या कापडावर आणि बदलत्या प्रकाशावर उभा होता. पाहणाऱ्यांना तरीही डोंगर आणि दऱ्या दिसत होत्या.

काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी शेवटी आवश्यकच; किनाऱ्यालगत धुळीपेक्षा खारी हवा मोठी वैरी. पेटीच्या तळाशी सिलिका जेलची पुडी, आणि दर पावसाळ्यापूर्वी ती भट्टीत सुकवून परत ठेवणे. खर्च एवढाच. पण पेटीपूर्वीचा खर्च वेळेचा आहे, आणि तो घरी बसून करता येत नाही. दोडामार्गाला जा. डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा, म्हणजे कुणगे कापलेले असतील आणि गवत सोनेरी असेल. रंगाच्या दुकानात मिळते ते शेड कार्ड बरोबर घ्या आणि सड्यावर, वाटेवर, गडग्यावर धरून जुळणाऱ्या छटेवर खूण करा. मोजपट्टी घ्या, चिरा मोजा, काजूचे पान मोजा, वाट मोजा. पिशवी घरीच ठेवा. त्या दिवसांत तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही साडेसहाला पोहोचा.